कुठेतरी पाणी मुरतंय : हिरव्या वॉलपेपरची गोष्ट

आजचा भाग माझ्या कपाटापासून सुरू होतो. हसू नका, खरंच.

मागच्या वर्षी जुलैत एका मित्राच्या साखरपुड्याला जायचं होतं. काळा कुर्ता काढायला कपाट उघडलं आणि तो वास आला. पावसाळ्यात बंद घरात येतो ना, कुबट, जुन्या गोधडीसारखा, तो. कुर्त्याच्या कॉलरवर पांढरी भुकटी, चामड्याच्या पट्ट्यावर हिरवट लव. कपाट भिंतीपासून ओढलं तर मागे काळ्या ठिपक्यांचा अख्खा नकाशा, मधे फुगून आलेले रंगाचे पोपडे. भाड्याची खोली. घरमालकांना फोटो पाठवला. दोन मिनिटांत उत्तर : तुम्ही खिडक्या बंद ठेवत असाल, एक हात रंग मारून घ्या, जाईल.

मी रंग मारला. गणपतीपर्यंत ठिपके परत आले.

मग, सवयीप्रमाणे, वाचायला बसलो. लोक ओल्या भिंतीवर काहीतरी लावून ती झाकायला कधीपासून लागले? शोधता शोधता मी पोचलो एकोणिसाव्या शतकातल्या युरोपात, एका हिरव्या रंगापाशी. त्या काळात घराची भिंत माणसं मारते की काय, असा प्रश्न लोकांना पडला होता, आणि त्याचं उत्तर शोधायला एका इटालियन डॉक्टरने उकडलेला बटाटा वापरला होता. आजची गोष्ट ती.

सुरुवात स्वीडनमध्ये. कार्ल विल्हेल्म शेले हा औषधांचं दुकान चालवणारा माणूस, पण रसायनशास्त्रातला बाप. १७७५ मध्ये त्याने एक नवा हिरवा रंग तयार केला. साहित्य काय? मोरचूद आणि सोमल. मोरचूद तुमच्यापैकी शेतकरी घरातल्यांना माहीत असेल, द्राक्षबागेत फवारायचं बोर्डो मिश्रण त्याचंच करतात. आणि सोमल म्हणजे आर्सेनिकचं पांढरं विष, जुन्या कथा-कादंबऱ्यांत दुधातून देतात ते. या दोघांपासून जो हिरवा रंग निघाला तो त्याआधीच्या कुठल्याही हिरव्यापेक्षा झळझळीत होता, आणि स्वस्त. १८१४ मध्ये जर्मनीतल्या श्वाइनफुर्ट गावात त्याचा सुधारलेला अवतार बाजारात आला, पाचूसारखा हिरवा. रंगात विष आहे हे शेलेला ठाऊक होतं. पण आर्सेनिकचं कोण खातंय, भिंतीलाच तर लावायचंय, असा एकूण हिशोब.

आणि भिंतीला तो लागला. कापडाला लागला, कागदी फुलांना लागला, मुलांच्या खेळण्यांना लागला, पण सगळ्यात जास्त लागला वॉलपेपरला. ब्रिटनमध्ये वॉलपेपरवर कर होता, तो १८३६ मध्ये उठला. चार-पाच वर्षांत कागद यंत्रावर छापला जाऊ लागला. आतापर्यंत श्रीमंतांच्या दिवाणखान्यात असलेली फुलापानांची नक्षी कारकुनाच्या, कामगाराच्या खोलीत आली. त्या खोल्या कशा होत्या? अंधाऱ्या, कोंदट, आतल्या आत स्वयंपाक, वाळत घातलेले कपडे, आणि बाहेर बारमाही भुरभुर पाऊस. भिंतींना ओल असायचीच. मग ओल दिसली की वर नवा कागद. तो खराब झाला की त्याच्यावर आणखी एक. जुना कागद काढायची तसदी बरेचजण घ्यायचेच नाहीत.

इथे थोडं थांबून बुरशीच्या बाजूने विचार करू. बुरशीचे बीजाणू तुम्ही आत्ता जिथे बसून हे ऐकताय तिथल्या हवेतही आहेत. त्यांना हाकलून लावणं कुणाला शक्य नाही. त्यांना उगवायला दोन गोष्टी लागतात, खाणं आणि ओल. आता तो वॉलपेपर बघा. कागद म्हणजे लाकडाचा-चिंध्यांचा लगदा. तो चिकटवायला गव्हाच्या पिठाची खळ. खाली ओला गिलावा. म्हणजे पंगतच मांडून ठेवली की! फक्त या पंगतीत वाढलेल्या ताटात सोमल होता.

या हिरव्या खोल्यांतल्या लोकांच्या तक्रारी सगळीकडे सारख्याच होत्या. डोकं दुखतं, घसा धरतो, डोळे चुरचुरतात, पोटात कळा येतात, पोरं खंगतात. डॉक्टर हवापालटाला समुद्रकाठी पाठवायचे. माणूस तिकडे ठणठणीत व्हायचा. घरी परतला की आठवड्याभरात पुन्हा तेच. आणि आणखी एक गोष्ट लोक सांगायचे : खोलीत एक वास येतो. विशेषतः दमट दिवसांत.

या वासाची दखल सगळ्यात आधी ज्या मोठ्या माणसाने घेतली तो हायडेलबर्गचा रसायनशास्त्रज्ञ लिओपोल्ट ग्मेलिन. १८३९ मध्ये त्याने चक्क वर्तमानपत्रात इशारा छापला. त्याचं म्हणणं, हिरवा कागद लावलेल्या खोल्या ओल्या असल्या की त्यात उंदरासारखा वास येतो, कागदातलं आर्सेनिक वायू होऊन हवेत जात असावं, तेव्हा हा कागद खरवडून काढा. मला हे फार आवडलं. एवढा मोठा प्राध्यापक, आणि पुरावा काय, तर नाकाला आलेला वास.

पण बाकीच्यांना हे पटेना. आर्सेनिक भिंतीवरून उठून हवेत कसं जाईल? फार तर कागद झिजून त्याची धूळ उडत असेल, असं काही डॉक्टर म्हणाले. कागदाचे कारखानदार म्हणाले, आमच्या मालात काही दोष नाही, आमचे कामगार बघा, धडधाकट आहेत. १८६२ मध्ये लंडनच्या लाइमहाउस या गरीब वस्तीत एकाच घरातली चार मुलं पाठोपाठ गेली. आधी घटसर्प समजला गेला. पण शेजारीपाजारी कुणालाच तो झाला नाही. त्या घरात जाऊन पाणी, मोरी, स्वच्छता सगळं तपासणाऱ्या डॉक्टरला खटकली ती एकच गोष्ट, भिंतीवरचा हिरवा कागद. तपासणीत त्यात भरपूर आर्सेनिक निघालं. तरीही ब्रिटनमध्ये अशा वॉलपेपरवर बंदी घालणारा कायदा काही झाला नाही.

विल्यम मॉरिसचं नाव ऐकलं असेल. वेली-फुलांच्या त्या नक्ष्या आजही मोबाइलच्या कव्हरवर विकल्या जातात. याच्या घराण्याचा पैसा डेव्हनमधल्या एका खाणीत होता, आणि ती खाण त्या काळात आर्सेनिकच्या जगातल्या सर्वात मोठ्या उत्पादकांपैकी एक. मॉरिस स्वतः काही वर्षं तिचा संचालक होता. पुढे कामगारांच्या हक्कांसाठी रस्त्यावर उतरलेला हा समाजवादी माणूस वॉलपेपरच्या तक्रारींना मात्र डॉक्टरांचं खूळ म्हणत राहिला. २००३ मध्ये त्याच्या १८६४ सालच्या एका वॉलपेपरचा नमुना तपासला गेला. हिरव्या भागात आर्सेनिक होतं.

शेवटी बंदी न येताही तो कागद गेला, कारण लोकांनीच घ्यायचं बंद केलं. कारखानदार मग आर्सेनिकमुक्त अशी जाहिरात करू लागले. प्रश्न मात्र तसाच होता : ते वासाचं काय?

आता आपला बटाटा. बार्तोलोमेओ गोझिओ, जन्म १८६३, इटलीच्या उत्तरेतला. रोममधल्या सरकारी आरोग्य प्रयोगशाळेत काम करायचा. १८९० च्या आसपास त्याने एक अगदी साधा प्रयोग केला. बटाट्याचा लगदा घेतला, त्यात सोमल मिसळला, आणि उघडा ठेवून दिला. सोमल घातलेल्या खाण्यावर काही उगवणार नाही असं आपल्याला वाटेल. पण काही दिवसांत त्यावर बुरशी धरली, आणि लगद्यातून लसणासारखा वास यायला लागला. मग गोझिओने एकेक बुरशी वेगळी करून वाढवली. त्यातली एक विशेषतः पटाईत निघाली. ती सोमल पचवायची आणि त्याचा वायू करून बाहेर सोडायची. शेलेचा हिरवा रंग दिला तर त्याचाही. त्या हवेत ठेवलेले उंदीर मेले. गोझिओने निष्कर्ष काढला : ओल्या भिंतीवरची बुरशी वॉलपेपरमधल्या आर्सेनिकचा वायू बनवते. ग्मेलिनच्या नाकाला आलेला वास खरा होता, पन्नास वर्षांनी त्याला साक्षीदार मिळाला.

या वायूला पुढे गोझिओ वायू असंच नाव पडलं. ही बुरशी आर्सेनिकच्या बाबतीत इतकी तिखट नाकाची, की एखाद्या पदार्थात किंचितसं विष आहे का हे ओळखायला तिचाच वापर करायची पद्धत निघाली. नमुन्यावर बुरशी वाढवायची आणि वास घ्यायचा! तो वायू नेमका कोणता हे मात्र गोझिओला बरोबर सांगता आलं नाही. ते १९३० च्या दशकात इंग्लंडमधल्या लीड्सच्या फ्रेडरिक चॅलेंजरने पावाच्या चुऱ्यावर तीच बुरशी वाढवून शोधलं. ट्रायमिथाइल आर्सीन. नाव विसरलात तरी चालेल.

जाता जाता गोझिओबद्दल एक गोष्ट सांगायलाच हवी, नाहीतर मला झोप लागणार नाही. बुरसटलेल्या मक्याचा अभ्यास करताना १८९३ मध्ये त्याने बुरशीपासून एक स्फटिकासारखा पदार्थ वेगळा काढला आणि तो काही जिवाणूंची वाढ रोखतो हेही दाखवलं. पेनिसिलिन १९२८ चं. म्हणजे फ्लेमिंगच्या पस्तीस वर्षं आधी! जगाने ते विसरून टाकलं. त्याच पदार्थापासून बनलेलं औषध आज किडनी बदललेल्या रुग्णांना देतात, शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून. तुमच्या ओळखीत कुणी असेल तर गोळ्यांच्या पाकिटावर मायकोफेनोलेट हे नाव दिसेल. या माणसाची आठवण मात्र भिंतीच्या वायूमुळे राहिली.

आता तुम्ही म्हणाल, झालं, गुन्हेगार सापडला. मलाही तसंच वाटलं होतं. थांबा.

१९८० च्या सुमारास डेव्हिड जोन्स या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने बीबीसी रेडिओवर ही गोझिओची गोष्ट सांगितली आणि बोलता बोलता म्हणाला, सेंट हेलेना बेटावर नेपोलियन ज्या घरात वारला तिथल्या वॉलपेपरचा रंग कुणाला ठाऊक असता तर काय मजा आली असती. त्याच्या केसांत आर्सेनिक सापडलेलं होतं, म्हणून विषप्रयोगाची चर्चा चालू होती. आणि एका श्रोत्या बाईंनी कळवलं की माझ्याकडे त्या वॉलपेपरचा तुकडाच आहे! घराण्यात चालत आलेल्या एका जुन्या वहीत चिकटवलेला, नेपोलियनच्या खोलीतला म्हणून नोंद असलेला. (श्रोतेहो, तुम्ही मला आतापर्यंत फक्त मीम्स पाठवलेत.) तपासलं तर त्यात खरंच आर्सेनिक निघालं. आणि नेपोलियनचं ते लाँगवुड हाउस म्हणजे धुक्यातल्या पठारावरचं, ओल आणि उंदरांनी भरलेलं घर. सगळं जुळलं. १९८२ मध्ये नेचर या नियतकालिकात त्यावर लेखही आला.

पण खुद्द जोन्सचंही म्हणणं असं नव्हतं की वॉलपेपरने नेपोलियनला मारलं. फार तर आजारपणात भर घातली असेल. त्याचा मृत्यू पोटाच्या कर्करोगाने झाला असंच बहुतेक अभ्यासक मानतात. २००८ मध्ये इटलीतल्या शास्त्रज्ञांनी त्याच्या लहानपणचे केस तपासले, त्याच्या बायकोचे, मुलाचेही तपासले. सगळ्यांच्यातच आजच्या मानाने खूप आर्सेनिक! त्या काळातली माणसं आर्सेनिकमध्येच राहत होती म्हणा ना.

आणि २००५ मध्ये विल्यम कलेन आणि रोनाल्ड बेंटली या दोन अभ्यासकांनी तर गोझिओच्या निष्कर्षाच्या मुळालाच हात घातला. त्यांनी जुने प्रयोग आणि नव्या विषचाचण्या समोर ठेवून दाखवलं की ट्रायमिथाइल आर्सीन हा वायू वाटतो तितका विषारी नाहीच. ओल्या भिंतीतून तो जेवढा निघतो तेवढ्याने माणूस मरणं अवघड. त्यांच्या लेखाच्या शीर्षकातच ही दंतकथा आहे असं म्हटलंय.

मग त्या खोल्यांत लोक आजारी का पडत होते? रंगाची धूळ हे एक कारण असणार, तिच्यात विष होतंच. पण मला दुसरीकडे बोट दाखवावंसं वाटतं, आणि हे माझं मत आहे बरं का. शंभर वर्षं सगळे भांडत होते रंगाबद्दल. हिरवा की निळा, आर्सेनिकचा की बिनआर्सेनिकचा, धूळ की वायू. प्रत्येक वर्णनात एक शब्द परत परत येतो : ओली खोली, दमट भिंत. त्या शब्दावरून सगळे पुढे सरकतात. बुरशीला गुन्ह्यातलं हत्यार म्हणून उभं केलं गेलं, ती स्वतःच त्रास देत असेल का, हे फार उशिरा विचारलं गेलं. जागतिक आरोग्य संघटनेने घरातली ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक सूचना काढल्या त्या २००९ मध्ये. त्यात स्पष्ट आहे की ओलसर, बुरशी लागलेल्या घरात राहणाऱ्यांमध्ये दमा आणि श्वसनाचे त्रास जास्त दिसतात. हवेत अमुक इतकी बुरशी चालेल असा आकडा त्यांनी दिलेला नाही. त्यांचं म्हणणं एवढंच की ओलच होऊ देऊ नका, आणि झाली तर दुरुस्त करा.

आपल्याकडे कोकणातली जुनी घरं बघा. पावसाळ्याआधी पश्चिमेच्या भिंतीला झापं बांधायची, म्हणजे झड भिंतीला भिडतच नाही. आतून चुना. ताज्या चुन्यात बुरशीला जगणं कठीण, आणि चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतली ओल बाहेर पडू शकते. आपण त्यावर प्लास्टिक पेंट चढवतो. मग आत मुरलेलं पाणी पोपडा उचलून बाहेर येतं. माझ्या खोलीत नेमकं तेच झालं होतं, आणि मीच केलं होतं, एका हाताने.

आता जी गोष्ट सांगणार आहे ती सांगायची की नाही यावर मी दोन दिवस विचार केला. ती फार जवळची आहे, काळानेही.

इंग्लंडमधलं रॉचडेल. सामाजिक गृहसंस्थेच्या मालकीचा एका बेडरूमचा फ्लॅट, त्यात सुदानहून आलेलं एक कुटुंब. २०१७ मध्ये वडिलांनी संस्थेला कळवलं की भिंतीवर बुरशी येतेय. त्यांना काय सांगितलं गेलं असेल? रंग मारा. त्यांनी मारला. बुरशी परत आली. मुलगा झाला, अवाब त्याचं नाव. त्याला सर्दी-खोकला, श्वासाचा त्रास सुरू झाला. कुटुंबाने पुन्हा तक्रार केली, वकील गाठला, मुलाला तपासणाऱ्या आरोग्य कर्मचाऱ्यांनीही कळवलं. संस्थेच्या लोकांची समजूत अशी होती की यांच्या राहण्याच्या पद्धतीमुळे, आंघोळीच्या, स्वयंपाकाच्या सवयींमुळे ओल येतेय. डिसेंबर २०२० मध्ये अवाब गेला. दोन वर्षांचा होऊन जेमतेम आठवडा झाला होता. २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकारी बाईंनी निकाल दिला की घरातल्या बुरशीशी दीर्घकाळ आलेल्या संपर्कामुळे त्याच्या श्वसनसंस्थेवर परिणाम होऊन मृत्यू झाला. घरात पुरेशी हवा खेळायची सोय नव्हती हेही पुढे आलं.

त्याच्या आईवडिलांनी त्यानंतर कायद्यासाठी लढा दिला. २०२३ मध्ये संसदेने तरतूद केली आणि २७ ऑक्टोबर २०२५ पासून तिचा पहिला टप्पा लागू झाला. तिथे सगळे त्याला अवाबचा कायदा म्हणतात. सामाजिक घरांच्या मालकांना आता तातडीच्या धोक्यावर २४ तासांत हालचाल करावी लागते. ओल-बुरशीची गंभीर तक्रार आली की दहा कामकाजाच्या दिवसांत तपासणी, आणि धोका आढळला तर पुढच्या पाच कामकाजाच्या दिवसांत घर सुरक्षित करणं बंधनकारक. एकोणिसाव्या शतकात आर्सेनिकला जे जमलं नाही ते इथे झालं, यावर खूश व्हावं की काय करावं मला कळत नाही.

तर, माझी भिंत. रॉचडेलबद्दल वाचल्यावर मी पुन्हा घरमालकांना फोन केला. या वेळी खिडक्यांवर वाद घातला नाही. विचारलं, काका, या भिंतीच्या पलीकडे, वर, काय आहे? वर होती वरच्या मजल्याची न्हाणी. प्लंबर आला, त्याने फरशीच्या सांध्यात रंगीत पाणी सोडलं, तीन तासांनी माझ्या भिंतीवर गुलाबी डाग उमटला. काकाही बघतच राहिले. कुठेतरी पाणी मुरतंय असं आपण संशय आला की म्हणतो, इथे ते शब्दशः मुरत होतं.

सांधे भरून घेतले. मग रंग लगेच नाही मारला, पोपडे खरवडून भिंत तशीच उघडी ठेवली, टेबलफॅन लावून. पूर्ण सुकायला दिवाळी उजाडली. ठिपके काढले ते साबणाच्या पाण्यात भिजवलेल्या फडक्याने, तोंडाला मास्क लावून आणि खोलीचं दार बंद करून. कोरड्या झाडूने घासू नका हं, बीजाणू सगळ्या घरभर उडतात. फडकं टाकून द्या. ब्लीच वापरणार असाल तर एक सांगतो : संडास साफ करायच्या अॅसिडबरोबर ते कधीही मिसळू नका, क्लोरीन वायू तयार होतो, आणि तो खरोखर विषारी आहे, गोझिओ वायूसारखी त्याची दंतकथा नाही. शिवाय ब्लीचने डाग पांढरा पडतो, पण गिलाव्याच्या आत शिरलेली बुरशी तिथेच राहते. प्लायवूडच्या किंवा पीओपीच्या आतपर्यंत गेली असेल तर तो तुकडाच काढावा लागतो. कपाट आता भिंतीपासून वीतभर पुढे आहे. पावसात कपडे खोलीत वाळत घातले तर पंखा चालू ठेवतो, कारण जुलैत आपल्याकडे बाहेरचीच हवा इतकी दमट असते की नुसती खिडकी उघडून भागत नाही. भिजलेली गादी, पायपुसणं, काहीही, एक-दोन दिवसांत सुकलं पाहिजे, एवढं बघतो.

काळ्या कुर्त्याचं विचारणारे आहात तुम्ही, माहितीये मला. धुतला, उन्हात टाकला, ठीक आहे. पट्टा गेला.

तुमच्या घरात कुठली भिंत ओल धरते, आणि तिच्या पलीकडे काय आहे, हे बघून मला लिहून पाठवा. आणि कुणाच्या आजोबांच्या वहीत जुन्या वॉलपेपरचा तुकडा असेल, तर तोही.